बाबांचं बोट आणि काळी तार

मी जन्माची भित्री. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे प्रयोगशाळा, रसायनं, विजेचा प्रवाह असले शब्द येणार आहेत आणि ते वाचून कुणाला वाटायचं की बाई मोठी धीट असावी. तसलं काही नाही. विहिरीत डोकावताना मी अजून कठडा दोन्ही हातांनी धरते. हळर्णच्या आमच्या घरामागून किल्ल्याच्या पडक्या तटाकडे वाट जाते, तिथे मी भरदुपारीसुद्धा कधी एकटी गेले नाही. आणि तरी ऐन उमेदीची वर्षं मी एका केसाएवढ्या तारेच्या मागे घालवली. त्या तारेवर विसंबून एका माणसाचा जीव तर जाणार नाही ना, ही धास्ती मला जेवतानाही सोडत नसे. तो माणूस म्हणजे माझे बाबा.

बाबा सरकारी बसवर ड्रायव्हर होते. वास्को, फोंडा, डिचोली, पेडणे, सगळे रस्ते त्यांच्या हाताखालून गेलेले. भाषेच्या आंदोलनात रस्त्यावर झाडं आडवी पडायची, बसवर दगड यायचे, तेव्हासुद्धा ते घरी येऊन शांतपणे जेवत आणि म्हणत, "आमच्या बशीक मराठीय कळता आनी कोंकणीय कळता. दगड तेवडो कळना नाय." घरातली भांडी वाजली तरी दचकणारी त्यांची ही मुलगी कुणावर गेली, असं ते आईला विचारत. आई म्हणायची, माझ्यावर. ते खरंच होतं.

मग त्यांना साखरेचा आजार झाला. गोळ्यांनी भागेना म्हणून इन्सुलिनचं इंजेक्शन सुरू झालं, आणि ते घेणाऱ्याला बस चालवू देत नसत म्हणून स्टिअरिंग सुटलं. त्यांना डेपोत बसवलं, तिथे त्यांचं मन लागेना, म्हणून त्यांनी मुदतीआधीच नोकरी सोडली आणि हळर्णला आमच्या काजूच्या डोंगरावर लक्ष घालायला लागले. रोज सकाळी आई काचेची सिरिंज उकळायची आणि त्यांच्या दंडात टोचायची. टोचताना ती डोळे मिटून घ्यायची. बाबा म्हणायचे, "डोळे उगड गो, भिंतीक टोचशी."

माझ्या भीतीला नाव आणि चेहरा मिळाला तो पेडण्याच्या बसस्टँडवर. मी तेव्हा पणजीला शिकत होते आणि सुट्टीला घरी येत होते. काजूचे दिवस होते. बसमधून उतरले तर पाराभोवती माणसं जमलेली आणि हसण्याचे आवाज. मध्ये बाबा बसलेले. शर्ट घामाने अंगाला चिकटलेला, मान एका बाजूला, आणि तोंडाने चाललंय, "डबल बेल मार. डबल बेल मार रे, गाडी सुटूं दी." जीभ जड झालेली. लोकांना मजा वाटत होती. कुणीतरी म्हणालं, "ड्रायव्हरान आज हुराक चडयलीसा दिसता." आमच्याकडे काजूच्या मोसमात पहिल्या धारेची हुराक, काजूची दारू, घरोघर असते. त्या दिवसांत भरदुपारी झोकांड्या देणारा माणूस दिसला की दुसरं काही कुणाच्या मनातही येत नाही. एकाने त्यांना उतारा म्हणून लिंबू पिळून मिठाचं पाणी पाजलं होतं. साखर न घालता. साखरेने चढते म्हणे.

बाबांनी जन्मात दारूला हात लावला नव्हता. मी ते ओरडून सांगत होते आणि कुणी ऐकत नव्हतं. बापाची बाजू घेणारी पोर, असंच सगळ्यांना वाटलं असणार. ज्या बसमधून मी उतरले तिचा कंडक्टर बाबांचा जुना जोडीदार होता. तो गर्दीत शिरला, बाबांचा हात हातात घेतला आणि म्हणाला, "हो मनीस थेंबाक शिवणा नाय. उचला तेका." बस तशीच उभी ठेवून त्याने बाबांना आरोग्य केंद्रात नेलं. डॉक्टरांनी शिरेतून ग्लुकोज दिलं आणि बघता बघता बाबांचे डोळे जागेवर आले. त्यांनी मला विचारलं, "तू केन्ना आयलंय?"

डॉक्टर मला बाहेर घेऊन गेले. म्हणाले, "साखर वाढली तर माणूस सावकाश झिजतो. उतरली तर त्याला वेळच मिळत नाही. मेंदूला खायला काही उरत नाही, आणि बघणाऱ्याला वाटतं, हा प्यालाय. असेच कितीतरी जातात." एवढं बोलून ते पुढच्या रोग्याकडे वळले. त्या दिवसापासून घरी गेलं की मी आधी बाबांचा वरचा ओठ बघायची. त्यावर घामाचे बारीक थेंब दिसले की मी साखरेचा डबा हाताशी घ्यायची. आणि गोव्यात एप्रिल-मे महिन्यात कुणाच्या ओठावर घाम नसतो?

पुढे विद्यापीठात संशोधनाला लागले तेव्हा माझ्या सरांनी तीन-चार विषय समोर ठेवले. त्यातला एक होता वीज वाहून नेणाऱ्या प्लास्टिकचा. सूक्ष्म इलेक्ट्रोड बनवायचे, त्यावर या प्लास्टिकचा पापुद्रा चढवायचा आणि त्यात एन्झाइम कोंडायचं, म्हणजे तो इलेक्ट्रोड रक्तातली साखर सांगेल. सर आणखी बोलत होते, पण माझं ऐकून झालं होतं. मला विषय निवडायचा नव्हताच. मला बाबांच्या ओठावरच्या घामाचा अर्थ सांगणारं काहीतरी हवं होतं.

काम सांगायला सोपं आहे. प्लॅटिनमची केसाएवढी तार काचेच्या नळीत वितळवून बसवायची, फक्त टोक उघडं ठेवायचं. पायरोल नावाचं एक द्रव रसायन येतं. ताजं गाळलं की पाण्यासारखं स्वच्छ, उघड्यावर राहिलं की तपकिरी होऊन वाया जातं. ते आणि एन्झाइम एकत्र पाण्यात घालायचं, तार त्यात बुडवायची आणि हलकासा विजेचा दाब द्यायचा. तारेच्या टोकावर काळी बुरशी धरावी तसा पापुद्रा धरतो. पापुद्रा वाढताना एन्झाइम त्यातच अडकतं. मग ही तार साखरेच्या पाण्यात घातली की आत कोंडलेलं एन्झाइम साखर खातं, त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं, आणि त्याच्यामुळे तारेतून इवलासा प्रवाह वाहतो. जितकी साखर तितका प्रवाह. बाबांना हे समजावलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे तारेन मुंगयो पाळल्यात." मला यापेक्षा चांगलं अजून सांगता येत नाही.

करायला मात्र नाकी नऊ यायचे. एन्झाइम म्हणजे पिवळसर चिमूटभर पूड. मुंबईहून बर्फात यायची आणि आल्याबरोबर फ्रीजमध्ये जायची. वीज गेली की मी फ्रीजच्या दारावर हात ठेवून उभी राहायची, जणू माझ्या हाताने थंडी आत राहणार होती. पापुद्रा पातळ झाला तर एन्झाइम सुटून जाई, जाड झाला तर साखर आतच शिरेना. प्रवाह इतका बारीक की शेजारच्या टेबलावर कुणी पंखा लावला तरी मीटरचा काटा थरथरायचा. शेवटी मी काजूगराचा पत्र्याचा मोठा डबा आणून त्याला अर्थिंगची तार जोडली आणि त्यात इलेक्ट्रोड ठेवून मापं घ्यायला लागले. सर आत येऊन म्हणायचे, तुमच्या प्रयोगाला खमंग वास येतो.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे तार खोटंही बोलायची. आवळ्यात, लिंबात, काजूच्या बोंडात जे क जीवनसत्त्व असतं, तेसुद्धा तारेवर साखरेसारखाच प्रवाह देतं. तापावरच्या साध्या गोळीचंही तेच. मला हे माहीत होतं. रोज वहीत लिहीत होते. तरी घरी गेले की बाबा विचारायचे, "तुझी तार काय म्हणता?" आणि मी उत्तर टाळायची. तार बरंच काही म्हणत होती, पण ती म्हणते ते एखाद्याच्या जिवावर बेतेल की काय, हे मला माहीत नव्हतं.

आता तार हॉस्पिटलातून आणलेल्या रक्तावर तपासायची होती; हे कळल्यावर उन्हाळ्याच्या सुट्टीत बाबांनी हट्टच धरला. "हॉस्पितालातल्या लोकांचां रगत कशाक होयां? माझ्या रगतावर कर गो. विकत घेऊक नको." मी नको म्हटलं. त्यांनी जेवताना विचारलं, चहाच्या वेळी विचारलं, येणाऱ्या-जाणाऱ्यासमोर विचारलं. शेवटी मी एका अटीवर तयार झाले. काटा काहीही दाखवो, त्यावरून इंजेक्शन कमी-जास्त करायचं नाही. ते काम आईच्या निळ्या बाटलीचं. त्या काळी घरी साखर बघायची तर लघवीत ते निळं औषध घालून परीक्षानळी दिव्यावर तापवत. निळंच राहिलं तर ठीक, विटकरी झालं तर साखर फार. डॉक्टरांनी आईला सांगून ठेवलं होतं की साखर फारच वर असली तर थोडं वाढीव इन्सुलिन द्यावं. बाबा म्हणाले, "बरां." आईनेही मान हलवली.

मग पणजीच्या प्रयोगशाळेतून तयार तारा मी थर्मासमधून घरी नेल्या. म्हापशाच्या बाजारात मासळीवालीकडून बर्फ घेतला, वर भुसा भरला आणि तो थर्मास मांडीवर घट्ट धरून बसमध्ये बसले. शेजारच्या बाईने विचारलं, "च्या आसा?" मी म्हटलं, "औषध." ती लगेच सरकून बसली. वाटेत बस कुठे खड्ड्यात आदळली की मी थर्मास छातीशी घ्यायची. माझं सगळं वर्ष त्यात होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पडवीत मांडामांड केली. काजूगराचा डबा, बॅटरीवर चालणारी माझी पेटी, तिला जोडलेला काट्याचा मीटर. मीटरच्या काचेवर मी कागदाची पट्टी चिकटवून खुणा केल्या होत्या: कमी, ठीक, जास्त. पट्टी आईसाठी नव्हती, माझ्यासाठी होती. पण आई येता-जाता ती वाचत होती. अंगणात काजूची बोंडं पसरलेली. ओसरीच्या पलीकडे दगडी कोंडीत तुडवलेल्या बोंडांचा रस मातीच्या मडक्यात ठिबकत होता. बाबांनी सकाळचं इंजेक्शन नेहमीच्या वेळी घेतलं होतं आणि ते डोंगरावर जाऊन आले होते. पेजेच्या वेळेला बोट टोचू, असं ठरलं होतं.

बाबा येऊन स्टुलावर बसले. आईने त्यांचं बोट स्पिरिटच्या बोळ्याने पुसलं, मी सुई टोचली. टोचताना मीही डोळे मिटले असणार, कारण बाबा म्हणाले, "दोगांयची हीच तऱ्हा." रक्ताचा थेंब मी लहानशा वाटीतल्या पाण्यात घेतला, तार आत सोडली आणि डब्याचं झाकण लावलं. काटा हलला. ठीकच्या खुणेवरून सरकला, जास्तच्या खुणेवर गेला, आणि तिथून पुढे जाऊन टोकाला टेकला.

"अगे बाय!" आई म्हणाली. "काटो भायर गेलो मगो?"

एवढी साखर म्हणजे माणूस बसलेला नसता, बेशुद्ध पडलेला असता. तारेत बिघाड असेल, बर्फ वाटेतच वितळला असेल, असं मी पुटपुटत होते. आई ऐकायला थांबलीच नाही. ती आत गेली. सिरिंज उकळलेल्या भांड्यातच होती. ती भरून पदर खोचत बाहेर आली. "थोडां चडीत देवया. दोतोरान सांगलां आसा." अट-बीट सगळं हवेत विरलं होतं. पोरीची विद्यापीठातली तार सांगते आहे म्हटल्यावर आई कुठली थांबते?

बाबा हसत होते. "बेल मार," ते मला म्हणाले. "बेल मार गो, गाडी सुटूं दी."

आईने दंड पुसायला घेतला. तिला ती थट्टा वाटली. वाटणारच, बाबा दिवसातून दहा वेळा असं बोलत. जेवण झालं की डबल बेल, पाहुणे उठले की डबल बेल. मलाही थट्टाच वाटायला हवी होती. काटा टोकाला टेकलेला होता, तो मीच बनवला होता, आणि काटा म्हणत होता जास्त. पण त्या आवाजाने माझ्या अंगावर काटा आला. पेडण्याच्या पारावरचा तोच आवाज होता. जीभ जड. मी त्यांचा वरचा ओठ बघितला. घाम होता. एप्रिलमध्ये तो आईच्याही ओठावर होता, माझ्याही. मी त्यांचा हात धरला. बर्फातून काढावा तसा थंड आणि ओला.

त्यांच्या बोटांकडे तेव्हाच लक्ष गेलं. काळपट, चिकट. सकाळभर डोंगरावर बसून ते बोंडापासून बी पिळून काढत होते. मोसमात आमच्या सगळ्यांचीच बोटं तशी असतात. भातात, भाकरीत, पाण्यात तोच वास असतो, म्हणून तो कुणाला येतच नाही. आईने स्पिरिटने पुसलं, मी बघत होते, दोघींना स्वच्छ वाटलं. स्पिरिटने जंतू मेले असतील. बोंडाचा वाळलेला रस बोटावर तसाच होता, साखरेसकट आणि क जीवनसत्त्वासकट. माझ्या तारेने बाबांचं रक्त मोजलंच नव्हतं. तिने काजू मोजला होता.

हे सगळं मी आता नीट सांगते आहे. तेव्हा इतका विचार झाला नाही. तेव्हा मी फक्त किंचाळले, "आई, टोचू नको!"

आई थबकली. सुई दंडाला टेकली होती. "काटो..." ती म्हणाली.

"काट्याला जाळ! बाबा, तुम्ही काय खाल्लंत सकाळी?"

बाबा माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "फोंड्याक किती वाजता पावता?" मग त्यांची मान एका बाजूला कलली.

मी धावत जाऊन कोंडीखालचं मडकं उचललं. त्यात ताजा नीरो होता, काजूच्या बोंडांचा रस, नुसता गोड. बाबांच्या तोंडाला मडकं लावलं. पहिला घोट शर्टावर सांडला. दुसरा आत गेला की नाही कळेना. मी रडत होते, देवाला हाका मारत होते, त्यांच्या गालाला चापट्या मारत होते. मनात एकच होतं, मी चुकले असेन तर? काटा खरा असेल तर? साखर टोकाला गेलेल्या माणसाला मी मडकंभर साखर पाजते आहे आणि माझ्या हातून त्यांचा जीव जातो आहे. आई सिरिंज हातात धरून तशीच उभी. तिच्या डोळ्यांत मला दिसत होतं की तिलाही हेच वाटतं आहे. मी थांबले नाही. धीर होता म्हणून नाही. थांबायची भीती पाजायच्या भीतीपेक्षा मोठी होती, म्हणून.

बाबांनी गिळलं. मग आपणहून आणखी एक घोट घेतला. मग मडकं हाताने बाजूला सारलं आणि म्हणाले, "कितलो पाजतंय गो, माका काय सोयरो समाजलंय?"

आई मटकन खाली बसली. सिरिंज जमिनीवर पडून फुटली. आम्ही दोघी कितीतरी वेळ रडत होतो आणि बाबा, ज्यांच्यासाठी रडत होतो ते, आम्हाला समजावत होते. इंजेक्शन घेऊनही डोंगरावर जाण्याआधी त्यांनी काहीच खाल्लं नव्हतं. तारेला उपाशीपोटीचं रक्त चांगलं, असं त्यांनी आपल्या मनाने ठरवलं होतं. माझं काम चोख व्हावं म्हणून.

पेज खाऊन झाल्यावर त्यांनी विचारलं, "तार काय म्हणता?"

"तार म्हणाली, साखर जास्त."

"आनी तू?"

"मला भीती वाटली," मी म्हटलं.

त्यांनी पेजेची वाटी बाजूला सारली. मग म्हणाले, "तर भंय हांगा दवर. तार व्हर पणजेक."

त्यांनी सांगितलं तशी भीती ठेवून घेतली आणि तार परत नेली. सरांना सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. मग म्हणाले, यापुढे प्रत्येक मापाआधी बोट साबणाने धुऊन, कोरडं करून, पहिला थेंब पुसून टाकायचा. मी ते पद्धतीत लिहिलं. पुढे तारेवर आणखी एक पापुद्रा चढवून क जीवनसत्त्वाला अडवायचंही जमलं. प्रबंध पूर्ण झाला. समारंभाला बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि नाव पुकारलं तेव्हा पहिल्या रांगेतून मोठ्याने म्हणाले, "डबल बेल!" सगळं सभागृह हसलं. मी मात्र व्यासपीठावरून आधी त्यांचा ओठ बघितला. कोरडा होता. मग हसले.

त्यानंतर बाबा बरीच वर्षं होते. गेले ते एका पावसाळी सकाळी, खुर्चीत बसल्या बसल्या, हृदयविकाराच्या झटक्याने. साखर त्या दिवशी ठीक होती, तोवर घरी आलेल्या विकतच्या यंत्रावर आईने बोट धुऊन बघितली होती.

आता दुकानात नाण्याएवढी चकती मिळते. दंडावर लावली की दिवसभर साखर सांगत राहते. तिच्यात माझ्या तारेसारखीच एक तार असते. कुणी लावलेली दिसली की मला कौतुक वाटतं आणि बाबांना एकदा ती दाखवता आली असती तर, असंही वाटतं. पण तिने काहीही सांगितलं तरी मी माणसाच्या वरच्या ओठाकडेच बघते. लग्नात, बसमध्ये, बँकेच्या रांगेत शेजारच्या अनोळखी माणसाला घाम दिसला, बोलणं जरा अडखळलं, की माझा हात आपोआप पर्समधल्या साखरेच्या पुडीकडे जातो. लोक म्हणत असतील, काय भित्री बाई आहे. म्हणोत. बाबांनी ती भीती माझ्याकडे ठेवायला दिली आहे.